कोचचं घर विकणे आहे

टॉलिव्हर गावात घरं विकून देण्याचा धंदा करणाऱ्या अर्वेलाबाई स्टॉलकप यांनी हिकरी रस्त्यावरचं एकच घर पाच वेळा विकलं होतं. घरात खोट काही नव्हती. छप्पर गळत नव्हतं, भुताखेतांचा वावर नव्हता, मागच्या अंगणात अक्रोडाच्या जातीतल्या पेकानची दोन दांडगी झाडं होती आणि पुढची ओसरी एवढी ऐसपैस, की दहा माणसांनी खुर्च्या टाकून निवांत गावाची उणीदुणी काढावीत. खोट होती ती राहणाऱ्याच्या नशिबात. त्या घरात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच राहायचा; फुटबॉल अमेरिकी, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा. आणि टॉलिव्हरमधला कोच म्हणजे लग्नातला आचारी. चुलीवर कढई चढेपर्यंत सगळे अहोजाहो करतात आणि पंगतीत एक जिलबी बिघडली, की वऱ्हाडातलं शेंबडं पोरही त्याला अक्कल शिकवतं.

संघाचं नाव खेचरं. अलाबामाच्या या भागात कापूस वाहणाऱ्या खेचरांनी गाव पोसलं, त्याची ती आठवण. खेळ पाहिल्यावर नाव चुकलं असं कोणी म्हणत नाही. गावची वस्ती वीस हजार आणि मैदानात बसायची सोय पंचेचाळीस हजारांची. सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी टॉलिव्हरमध्ये लग्न होत नाही. एखाद्या आडमुठ्यानं केलंच, तर ते टिकत नाही असं सगळे छातीठोकपणे सांगतात, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही त्या लग्नाला गेलेला नसतो. मरणाऱ्यानंसुद्धा शनिवार टाळावा अशी अपेक्षा असते आणि जुनी माणसं ती पाळतात.

अर्वेलाबाईंना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दोनच नाद होते. एक खेचरांचा, वडिलांची मैदानातली जागा त्यांच्याकडे चालत आली होती आणि तिथून त्या असा आवाज लावत, की पुढच्या रांगेतल्या माणसानं कानाचं यंत्र काढून खिशात टाकलं होतं. दुसरा नाद चौकशीचा. परक्याच्या घरातलं कपाट उघडून पाहायला मिळतं आणि वर त्याबद्दल लोक आभारही मानतात, असा हा एकच धंदा जगात आहे, म्हणून त्यांनी तो पत्करला होता. कोचच्या घरातून तर त्यांना प्रत्येक कोच वाचता यायचा. पहिल्यानं न्हाणीघरातल्या आरशामागे पोटाच्या जळजळीच्या गोळ्यांच्या सात बाटल्या सोडल्या होत्या. दुसऱ्यानं अभ्यासिकेतल्या गालिच्यावर येरझारा घालून घालून खिडकी ते दार अशी पायवाट पाडली होती. बाईंनी गालिचा बदलून घर तिसऱ्याला विकलं. त्यानंही तंतोतंत तीच पायवाट पाडली. चौथ्याच्या वेळी बाईंनी तिथे फरशीच घालून घेतली. आणि हरएक कोचच्या बायकोनं आल्या आल्या स्वयंपाकघराला नवा रंग दिला होता. जुना सुकला की पोपडे निघण्याआधी नवीन बाई हजर.

आता पाट्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संघ हरला, की रविवारी सकाळी कोचच्या अंगणात "विकणे आहे" अशा पाट्या उगवलेल्या असत. ही टॉलिव्हरची जुनी रीत. पाट्या अर्थातच अर्वेलाबाईंच्या. गावात दुसऱ्या कोणाच्या होत्याच कुठे? सुरुवातीला लोक गिऱ्हाइकांच्या अंगणातून त्या उपटून न्यायचे. मग बाईंनी शहाणपणा केला आणि कचेरीच्या मागच्या भिंतीला जुन्या तीसेक पाट्या टेकवून ठेवल्या, चोरायला सोयीच्या. सोमवारी त्या परत यायच्या, धुऊन पुसून. एकदा तर सोबत लोणच्याची बरणी आली होती. बाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. थट्टा होती, फुकट जाहिरात होती, आणि कोचला कळत होतं की गावाचं त्याच्याकडे लक्ष आहे.

पाचवा कोच रॉल्फ टीडमन हा दूर उत्तरेकडून, आयोवाहून आला. धिप्पाड, मितभाषी, दाताखाली सतत काहीतरी चावतोय असा चेहरा. चावत काहीच नसे, नुसते दात. त्याची बायको मार्लिस आली आणि तिनं स्वयंपाकघराला रंग दिला नाही. तिनं पुढच्या अंगणात चर खणला.

"मागे पेकानची सावली आहे, ऊन इथेच लागतं," ती म्हणाली.

"पण पोरी, लावतेयस काय तू?" अर्वेलाबाई कुंपणावरून पाहत होत्या. टोपलीत कोळ्यासारखी दिसणारी मुळं होती.

"ॲस्परॅगस."

शतावरीची ही विलायती बहीण. टॉलिव्हरमध्ये ती डब्यातून येते आणि डुकराच्या चरबीत करडी पडेपर्यंत उकडली जाते, तेव्हा तिच्याबद्दल कोणाला ममता नव्हती. बाईंनी विचारलं, "मग यंदा उन्हाळ्यात खाणार?"

"यंदा नाही. पुढच्या वसंतात कोंब येतील, तेही कापायचे नाहीत. मुळांनी जोर धरायला हवा. तिसऱ्या वसंतात कापायचं. मग पंधरा-वीस वर्षं बघायला नको. माझ्या आजीनं लावलेला वाफा अजून आहे."

अर्वेलाबाई चौकशी अर्धवट टाकून घरी निघाल्या. ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात फार क्वचित घडत असे. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला, डॉइलला सांगितलं, "कोचच्या बायकोनं तिसऱ्या वर्षी येणारी भाजी लावली."

डॉइलनं वर्तमानपत्र खाली घेतलं. "त्या घरात? तिसरा वसंत कोणी पाहिलाय का गं त्या घरात?"

"कोणीच नाही."

"मग सांगायचंस ना तिला."

"तूच जा आणि सांग! एवढा शूर आहेस तर."

डॉइलनं वर्तमानपत्र वर घेतलं.

पहिल्या हंगामात खेचरं शेवटच्या सामन्यात शेजारच्या विद्यापीठाच्या बगळ्यांकडून हरली. बगळ्यांकडून हरणं हे पाप साध्या हरण्यात धरत नाहीत. रविवारी अर्वेलाबाई पाट्या पाहायला गेल्या, तर मार्लिस वाफ्यात गुडघे टेकून बसलेली. पाट्यांकडे तिचं लक्ष नव्हतं. सात-आठ पाट्यांचे खुंट थेट चरात ठोकले गेले होते आणि ती मातीत बोटं घालून कुठलं मूळ तुटलं, कुठलं वाचलं ते बघत होती.

"पाट्यांचा राग नाही मला," ती म्हणाली. "पण जागा बघून तरी ठोकायच्या ना."

अर्वेलाबाईंनी रविवारचा चांगला झगा सावरला आणि त्याही शेजारी बसल्या. त्या दिवसापासून दोघींचं जमलं, आणि मार्लिसही त्यांना गावच्या रीतीनं, लग्न झालेलं असूनही, 'मिस अर्वेला' म्हणू लागली. पुढच्या वसंतात पेन्सिलीएवढे कोंब वर आले, तेव्हा बाई रोज गाडी हळू करून बघायच्या. एकदा हात पुढे गेलाही. मार्लिसनं मनगटावर चापट मारली. "नुसतं बघायचं."

"अगं, चव तरी कळू दे!"

"पुढच्या वर्षी."

तेव्हापासून अर्वेलाबाईंच्या जिवाला घोर लागला. कोच टिकावा असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटायला लागलं, आणि तेही भाजीसाठी. कोच गेला तर घर पुन्हा विकून दलाली त्यांनाच मिळायची, याची डॉइल अधूनमधून आठवण करून द्यायचा. मग त्याला रात्रीचं जेवण थंड मिळायचं.

दुसऱ्या हंगामात नोव्हेंबर अर्धा होता होता खेचरं पाच जिंकून पाच हरली होती. कोच टीडमन आता सामन्यांच्या चित्रफिती बघत कचेरीतल्या सोफ्यावरच झोपायचा. घरी यायचा तो कपडे बदलायला. पाचव्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी अर्वेलाबाईंचा फोन वाजला. बोलणारा कॅलिफोर्नियाचा होता.

"बाई, हिकरी रस्त्यावरच्या घराबद्दल विचारायचं होतं."

"ते विकणे नाही."

"अहो, पण अंगणात तुमच्या तीस पाट्या आहेत."

"म्हणूनच विकणे नाही. जे विकणे असतं, त्याच्यापुढे एकच पाटी असते."

मग उलगडा झाला, की हा माणूस सिनेमावाल्यांचा. सिनेमा कॉलेजच्या फुटबॉलवर. दडपणाखाली पिचणारा कोच, हरणारा संघ, आणि एका दृश्यात गावकरी त्याच्या अंगणात पाट्या ठोकतात, बायको खिडकीतून बघते. असं घर शोधत तो हिंडत होता आणि समोर देखावा आयताच मांडलेला. एका दिवसापुरतं घर मिळेल का?

अर्वेलाबाई हिकरी रस्त्यावर गेल्या त्या नकार आणायलाच. कोच कपडे बदलायला आलेला होता. त्यानं ऐकलं, दात चावले आणि म्हणाला, "मार्लिस म्हणेल ते. मला शनिवारपर्यंत काही विचारू नका." आणि मोजे हातात घेऊन गाडीत बसला.

मार्लिस म्हणाली, "येऊ देत."

"अगं, वेड लागलं का तुला?"

"मिस अर्वेला, दोन वर्षं हे लोक येऊन जातात, मी झोपलेली असते. कोण येतं, कसं येतं, हसतात का गप्प असतात, मला काही माहीत नाही. एकदा उजेडात बघायचंय." ती खरंच रागावलेली नव्हती. शेजारच्या घरात कोणतं भांडं पडलं, हे बघायला जावं तसा तिचा चेहरा होता. अर्वेलाबाईंना ती भूक ओळखीची होती. "फक्त वाफ्यात पाय पडता कामा नये, एवढं त्यांना सांगा."

बगळ्यांबरोबरच्या सामन्याआधीचा शनिवार मोकळा होता. त्या दिवशी चित्रीकरण ठरलं. दिग्दर्शिका ब्रिन नावाची, तिशीतली, डोक्यावर टोपी, बोलणं तुफान मेल. तिला तीस संतप्त गावकरी हवे होते. टॉलिव्हरमध्ये संतप्त गावकऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. सकाळी आठला सगळे हजर झाले. बायका केस बसवून, पुरुष चर्चच्या कोटात. आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेलं.

ब्रिननं अर्वेलाबाईंना बाजूला घेतलं. "हे काय आणलंय यांनी?"

"हा केक. ती भरली अंडी. त्या भांड्यात चवळी असणार, वासावरून. दिवसाउजेडी कोणाच्या घरी हात हलवत कसं जायचं, बाई?"

"पण हे तिच्या नवऱ्याला गावातून हाकलायला आलेत!"

"ते आहेच," अर्वेलाबाई म्हणाल्या. "पण रिकाम्या हातानं कसं?"

केक, कोंबडी, मक्याचे पाव आत गेले. स्वयंपाकघराच्या टेबलावर जागा उरेना. लोकांच्या अंगावर मळके सदरे चढवले गेले, हातात पाट्या दिल्या गेल्या. मार्लिस आणि अर्वेलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. दर्शनी खिडकीत मार्लिसचं काम करणारी नटी होती, डोळ्यांत पाणी तयार ठेवून.

पहिल्याच झटक्याला औषधांच्या दुकानाचे मालक आणि चर्चचे वडीलधारे हॅस्केल पोटीट पुढे आले. पाटी घेऊन दबकत, जणू कोणाच्या उशाखाली लिमलेटची गोळी ठेवायचीय. त्यांनी वाफ्याला लांबून वळसा घातला. ॲस्परॅगसचे पिवळे पडलेले पिसारे तिथे कमरेएवढे डुलत होते. मागचे एकोणतीस जणही तोच वळसा घालून आले. एकेकानं पाटी रोवली, ती सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं, आणि खिडकीकडे बघून टोपी काढली. हार्डवेअरच्या दुकानाचा जूनियर मॅकल्व्हेन तर म्हणाला, "माफ करा हं, ताई."

"थांबा!" ब्रिन ओरडली. "टोपी कशाला काढली?"

"बाई उभी आहे तिथे," जूनियर म्हणाला.

"तुम्ही चिडलेले आहात! संघ हरलाय!"

"आहोच की चिडलेले. तिसऱ्या डावात, संधी हातात असताना, त्यानं चेंडू पायानं मारून समोरच्यांना देऊन टाकायला लावला, त्याला माफी नाही. पण त्यात तिचा काय दोष?"

दुसऱ्या खेपेला सगळे जरा जोर करून आले. पण ठरल्याप्रमाणे नटी ओसरीवर आली आणि तिच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. ती उत्तम नटी होती, तिथेच घात झाला. हॅस्केल पोटीटनी पाटी टाकली आणि रुमाल काढून धावले. दोन बायकांनी तिला मिठी मारली. कोणीतरी आतून केकचा तुकडा आणला. जूनियर दिग्दर्शिकेला म्हणाला, "तुम्हाला काही वाटत नाही का हो, पोरीला रडवताना?"

ब्रिननं टोपी काढून जमिनीवर आपटली, आणि खिडकीतल्या मार्लिसला विचारलं, "खरं असंच होतं का इथे?"

मार्लिस बाहेर आली. अंगावर पीठ लागलेला एप्रन, पाय अनवाणी. "मला नाही माहीत. मी झोपेत असते." मग ती त्या तीस जणांकडे वळली आणि सरळ विचारलं, "कसं करता हो तुम्ही? मला दाखवा ना."

तीसही जण पाट्या सरळ आहेत का ते पुन्हा पाहू लागले. रस्त्यावरचं कुत्रं तेवढं खाजवत होतं.

"म्हणजे, पाट्या गाडीतून आणता की हातानं? कोण ठोकतं? कुठे ठोकायचं हे कोण ठरवतं?"

हॅस्केल पोटीट बुटांकडे बघत म्हणाले, "मॅडम, ते... आम्ही सहसा अंधारात करतो."

"ते कळलं. पण ठोकल्याचा आवाज मला कधी आला नाही. मला हलकी झोप आहे. कसं काय?"

इथे जूनियरचा तोल गेला. माणूस चोरी लपवेल, पण त्यातलं कसब किती वेळ लपवणार? "मोगरीला टॉवेल गुंडाळतो, ताई," तो सांगू लागला, आणि सांगता सांगता रंगला. "दुपदरी. आधी एकपदरी गुंडाळायचो, पण मिस अर्वेलांनी एकदा सांगितलं, की तुम्ही लवकर झोपता आणि झोप हलकी आहे. मग म्हटलं, उगाच झोपमोड नको. गाडी कोपऱ्यावर थांबवतो, दिवे बंद. बोलायचं नाही, हसू आलं तर टोपीत हसायचं. आणि गेल्या वर्षी वाफ्यात ठोकल्या गेल्या ना, त्यानंतर हॅस्केलकाका पुढे उभे राहतात, रस्ता दाखवायला. औषधाच्या दुकानातला छोटा दिवा घेऊन."

मार्लिस ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग काहीतरी दुसरं आलं. ती म्हणाली, "दुपदरी टॉवेल?"

"हो, ताई. अंघोळीचा. जाडसर."

"आभारी आहे," मार्लिस म्हणाली.

तिनं ते मनापासून म्हटलं, आणि त्यानंच सगळे आडवे झाले. शिव्या दिल्या असत्या तर टॉलिव्हरच्या लोकांना उत्तर देता आलं असतं. पन्नाशीची माणसं मळके सदरे घालून पाचवीतल्या पोरांसारखी उभी होती. खिडकीशी असलेल्या अर्वेलाबाईंना पहिल्यांदाच पाट्यांची मागची बाजू दिसली. पुढून त्यांच्यावर बाईंचं नाव आणि हसरा फोटो होता. घरातून बघताना फक्त कोऱ्या फळ्या दिसत होत्या, तीस, घराकडे पाठ केलेल्या.

ब्रिननं शेवटी माँटगमरीहून भाड्याचे तीस जण आणवले. ते छान चिडले.

पुढचा शनिवार बगळ्यांचा. खेचरं सुरुवातीपासून मागे होती, शेवटच्या मिनिटात पुढे आली, आणि घड्याळ संपता संपता बगळ्यांनी एका गुणानं सामना नेला. अर्वेलाबाई जागेवरून उठल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्यानं कानाचं यंत्र घातलेलंच होतं. आज काढायची वेळ आली नाही म्हणून त्यानं वळून बघितलं.

रविवारी त्या कचेरीमागे गेल्या. पाट्या जशाच्या तशा टेकवलेल्या. हिकरी रस्त्यावर गेल्या. अंगण मोकळं. पराभवानंतर, आणि तोही बगळ्यांकडून, कोचच्या अंगणात एकही पाटी नाही, असं टॉलिव्हरमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. बाईंना वाटलं, सुटलो. प्रार्थनेत त्यांनी असा सूर लावला, की बाजावाल्याला त्यांच्यामागे धावावं लागलं.

दुपारी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी कोचला काढलं. गावाला लाज वाटली होती, ही गोष्ट खरी. पण विश्वस्तांना चित्रीकरणाला कोणी बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी अर्वेलाबाई एक पाटी आणि मोगरी घेऊन गेल्या. रॉल्फ टीडमन ओसरीवर बसून चिकनचं सँडविच खात होता, सावकाश, तोंडभर. दोन वर्षांत त्याचे दात पहिल्यांदाच काही खऱ्या वस्तूवर चालताना दिसले.

"कॅन्ससमधल्या मित्रानं लगेच काम देऊ केलंय," तो म्हणाला. "हाताखालचा कोच म्हणून. हाताखालच्यांच्या अंगणात पाट्या लावतात का हो?"

"नाही रे बाबा. हाताखालच्यांचं घर कोणाला माहीत असतं?"

"बरं झालं." आणि त्यानं दुसरं सँडविच उचललं.

अर्वेलाबाईंनी अंगणात पाटी धरली. इतक्या वर्षांत त्यांच्या पाट्या इथे शेकड्यांनी लागल्या होत्या, पण स्वतःच्या हातानं त्यांनी एकही ठोकली नव्हती. मोगरी उचलली. पुन्हा खाली ठेवली. "कुठे लावू गं?"

मार्लिस वाफ्यातले वाळलेले पिसारे कापून पालापाचोळा पसरत होती. कामावरून काढलेल्या माणसाची बायको पुढच्या वर्षीच्या पिकाला पांघरूण घालत होती. "आत्ता कुठेच नको," ती म्हणाली. "रॉल्फ जानेवारीत जाईल. मी भाजी कापून जाईन."

"अगं, विद्यापीठाला नव्या कोचसाठी हेच घर हवं असणार! नेहमी हेच असतं!"

"मग सांगा, विकणे नाही."

विद्यापीठाच्या कचेरीतून तीनदा फोन आले. अर्वेलाबाईंनी तिन्ही वेळा गोड आवाजात सांगितलं, की घर उपलब्ध नाही. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "पिकात आहे." डॉइल म्हणाला, "तू घरं विकतेस की भाजी?" त्याला त्या दिवशीही थंड जेवण मिळालं. नव्या कोचला तळ्याकाठी दुसरं घर द्यावं लागलं.

आणि मग टॉलिव्हरवर असा प्रसंग आला, जो आधी कधीच आला नव्हता. काढलेले कोच आठवड्यात दिसेनासे व्हायचे; त्यांचं पुढे काय होतं हे गावाला ठाऊक नव्हतं, नि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. आता काढलेल्या कोचची बायको रोज समोर. वाणसामानाच्या दुकानात हॅस्केल पोटीट तिला बघून मक्याच्या पोह्यांच्या खोक्यांमागे लपले आणि खोकी पडली. चर्चमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसली, तर पहिल्या दोन रांगांची मान आखडली. काय बोलावं? "वाईट वाटलं" म्हणावं, तर काढा काढा म्हणून रेडिओला फोन करून ओरडणाऱ्यांत आपणच. शेवटी जूनियरच्या तोंडून निघालं ते बोलता येण्यासारखं एकमेव वाक्य:

"ताई, भाजी वर आली का?"

"अजून नाही. मार्चअखेर."

बस्स. गावाला किल्ली सापडली. जो तो विचारू लागला. फेब्रुवारीत पाला टाकायला लोक आले. थंडीची लाट आली तेव्हा सकाळी वाफ्यावर कोणाकोणाच्या गोधड्या पडलेल्या दिसल्या. न्हाव्याकडे, जिथे या दिवसांत पुढच्या हंगामाच्या खेळाडूंवर वाद चालायचे, तिथे मुळं गारठतात का यावर दोन गट पडले. गावाला वाट बघायची सवयच नव्हती. शनिवार ते शनिवार एवढीच त्यांची धाव. आता वीस हजार माणसं एका भाजीसाठी गाड्या हळू करत होती.

मार्चच्या शेवटी कोंब आले. बोटाएवढे जाड, जांभळ्या टोकांचे, जमिनीनं खोड्या काढत जीभ दाखवावी तसे. मार्लिसनं सुरी घेतली, पहिली जुडी कापली, दोन मिनिटं लोण्यात परतली, मीठ टाकलं आणि बशी अर्वेलाबाईंसमोर ठेवली.

बाईंनी डोळे मिटून घास घेतला. तिसरं वर्ष लागलं होतं या चौकशीला. चावला. पुन्हा चावला.

"कशी लागते?" मार्लिसनं विचारलं.

"खरं सांगू का पोरी," अर्वेलाबाई म्हणाल्या, "कॉलेजात जाऊन आलेल्या घेवड्यासारखी लागते." आणि बशी पुसून घेईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

बाकीची भाजी मार्लिसनं जुड्या बांधून वाटली. चित्रीकरणाला आलेल्या तीसही जणांच्या घरी जुडी गेली. ती चरबीत उकडली गेली असणार, पण त्याला इलाज नाही.

मे महिन्यात जूनियर मॅकल्व्हेन भर दुपारी आला. एका हातात केक, दुसऱ्या हातात मोगरी, मोगरीला अंघोळीचा टॉवेल, दुपदरी. "मिस अर्वेला म्हणाल्या पाटी लावायचीय. कुठे ठोकू, ताई?"

मार्लिसनं वाफ्यापासून लांबची जागा दाखवली. एकच पाटी लागली, म्हणजे घर खरंच विकणे होतं. ते एका निवृत्त पोस्टमास्तरानं घेतलं. वाफा उकरायचा नाही, या अटीवर. त्यानं निमूट मान्य केलं, कारण सही करायला तो आला, तेव्हा हॅस्केल पोटीट आणि आणखी चार जण सहज म्हणून अर्वेलाबाईंच्या कचेरीत हात बांधून उभे होते.

त्याच आठवड्यात नव्या कोचची बायको बाईंना भेटायला आली. तरुण, उत्साही, हातात बागकामाचं नवं कोरं खुरपं. "मिस अर्वेला, तुम्हाला इथल्या मातीचं माहीत असेल. तळ्याकाठच्या अंगणात मी काय लावू?"

अर्वेलाबाईंनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. यंदाचा पहिला सामना बगळ्यांशीच होता.

"मुळे लाव, बाळ," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात येतात."